बेगम सरळच चालत होती

संदीपचा फोन आला तेव्हा सवयीप्रमाणे मी तो डाव्या कानाला लावला. उजव्या कानावरचा माझा भरवसा गेली दोन वर्षं उडालेला होता. का उडाला ते पुढे येईलच. संदीप हा माझ्या मैत्रिणीचा, शशीचा भाचा, करमाडला राहतो. "मावशी, आत्या गेली… पहाटं," तो म्हणाला. मी म्हटलं, "कुठे गेली?" इतका खुळा प्रश्न मी विचारला, कारण मागच्याच आठवड्यात तिने मला बजावलं होतं, की इथलं घराचं बांधकाम आटपलं की मी येते, तोवर गाडीवरची ताडपत्री काढू नको. संदीप म्हणाला, "तुम्हाला तर समदं ठावंच हाय, मावशी. डॉक्टरनं आधीच सांगितलं व्हतं, ह्या दुखण्याला दवा नाय. हळूहळू हातपाय जात्यात. दोन वर्षं काढली आत्यानं… लई धीराची." मी "हो" म्हणाले. इतकं खोटं "हो" मी आयुष्यात कधी म्हटलं नसेल. मला काहीही ठाऊक नव्हतं.

गेलेल्या माणसाविषयी चांगलं तेवढंच लिहावं, अशी आपल्याकडे रीत आहे. मैत्रिणीवर चार शब्द लिहा, असं पुरवणीच्या संपादकांनी सुचवलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, मला तिचा राग आलेला आहे, तो उतरला की लिहीन. काही आठवडे वाट पाहिली. राग काही उतरत नाही. तेव्हा रागासकटच लिहिते…

शशिकला वाघमारे आणि मी सिडकोतल्या एकाच गल्लीत समोरासमोर राहिलो, दोघींचे केस काळे होते तेव्हापासून. ती वाळूजच्या एका कारखान्यात, तयार होऊन आलेले सुटे भाग तपासायच्या खात्यात होती. मी टेलिफोन ऑपरेटर. ती कंपनीच्या बसची वाट बघत कोपऱ्यावर उभी असायची आणि मी पाळी संपवून परत येत असायचे, तिथे आमची ओळख झाली. तिने लग्न केलं नव्हतं, माझं होऊन लवकर संपलं होतं. तिच्या घरात बाबासाहेबांची मोठी तसबीर, माझ्या घरात आईचे देव. स्वयंपाकघरात मात्र दोघी एकमेकींचे डबे न विचारता उघडायचो. तिचा अंगठा हे तिचं भांडवल होतं. लोखंडाच्या तुकड्यावर अंगठा फिरवून ती सांगायची, "ह्यो नीट घासलाय, ह्यो नाय." तसे माझे कान हे माझं भांडवल. ट्रंक कॉलच्या खरखरीतून बोलणारा माणूस बीडचा आहे की परभणीचा, ते मला त्याच्या दुसऱ्या वाक्याला कळायचं.

अशा या दोघींनी मिळून एक जुनी, फिकट निळी मोटार घेतली. एका निवृत्त तहसीलदारांची होती, आणि आमच्या हाती आली तेव्हाच तिचं वय झालेलं होतं. गल्लीत हसू झालं. दोन बाया आणि एक खटारा, असं लोक तोंडावर म्हणायचे. शशीने तिचं नाव बेगम ठेवलं, कारण ती कुणाच्याच हुकमात नव्हती. सकाळी चोक ओढून तिच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. दुपारी दिल्ली दरवाजापाशी गर्दीत अडकली की तिला भोवळ यायची. मग बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या पेट्रोल-पंपावर ओलं फडकं ठेवून दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या. पहिल्यांदा खुलताबादला निघालो तेव्हा घाटाच्या मध्यावरच तिने वाफ सोडली. मी बाटली घेऊन धावले, तर शशी खेकसली, "बस गप! तापल्या बाईच्या तोंडावर गार पाणी मारू नाय, तडकंल." आम्ही दगडावर बसून तिचा राग उतरायची वाट बघितली. शेवटी दर्ग्याकडे फुलं विकायला निघालेल्या एका म्हाताऱ्याने फुलांवर शिंपडायचं पाणी आम्हाला दिलं. गुलाबाच्या पाकळ्या काढून टाकून ते रेडिएटरमध्ये ओतलं, तेव्हा कुठे स्वारी वर चढली. "नाव बरोबर ठेवलं बघ," शशी म्हणाली, आणि खुलताबाद येईपर्यंत आम्ही हसत होतो.

बेगमचे बिघाड शोधायची आमची एक रीत ठरून गेली होती. रविवारी सकाळी गाडी बाहेर काढायची. एकीने चालवायचं, दुसरीने ऐकायचं. चालवणारीने फक्त हातापायाला काय लागतं ते सांगायचं, ऐकणारीने फक्त कानावर काय येतं ते. एकमेकींच्या हद्दीत शिरायचं नाही, आणि अंदाज तर कुणीच सांगायचा नाही. "लक्षण सांग, रोग सांगू नको," असं ती सुरुवातीला मला दरडावायची, कारण जरा खट्ट झालं की "पंप गेला वाटतं" म्हणायची मला खोड होती. दोघींची लक्षणं जुळली की मगच पाना हातात घ्यायचा. या रीतीने आम्ही कितीतरी दुखणी पकडली. मला गाडी येत होती, तिनेच शिकवली होती. पण तिचे हात आणि माझे कान अशी वाटणी होऊन गेली आणि मी कायमची डाव्या सीटवर बसले. या सगळ्यात एकच गोष्ट गृहीत होती, की दोघी खरं सांगतील. ते कधी बोलून ठरवावं लागलं नव्हतं. इतरांच्या गाड्यांबद्दल तर ती भलतीच फटकळ होती. कुणी आपल्या गाडीला नावं ठेवत आला, की त्याला शेजारी बसवून स्वतः एक चक्कर मारून आणायची आणि किल्ली हातात देत म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं."

शेवटच्या दोन वर्षांची सुरुवात क्लचपासून झाली. "क्लच जड झालाय, माले," एका रविवारी ती म्हणाली. मालतीचं तिने माले केलं होतं. मी कान लावला. केबल कुरकुरत नव्हती, काही घासत नव्हतं. तसं मी सांगितलं. ती म्हणाली, "नीट ऐक." गाडी जिन्सीतल्या रशीदभाईंकडे गेली, ते आमचे ठरलेले मिस्त्री. दोन दिवसांनी परत आली, थोडे दिवस बरी चालली, पुन्हा क्लच जड. मग दुसरा गिअर पडेना. मग स्टिअरिंग उजवीकडे ओढायला लागलं. चाकांतली हवा तपासली, चाकं अदलाबदल करून बघितली, रशीदभाईंनी प्रत्येक वेळी गाडी ठेवून घेतली. माझ्या कानावर मात्र आवाज म्हणून एक येत नव्हता. बिघाड असला की तो कुठेतरी बोलतोच, हे तिनेच मला शिकवलेलं. याच सुमारास तिने गिअरच्या गोळ्यावर जुन्या पांढऱ्या साडीची पट्टी गुंडाळली. उन्हाचा चटका बसतो म्हणाली. मलाही ते पटलं, आपल्याकडचं ऊन तसं असतंच.

मग पेरूवाल्याचं प्रकरण झालं. जालना रोडच्या एका सिग्नलला आम्ही उभ्या होतो आणि गाडीने एकदम हिसका देऊन पुढे उडी मारली. समोर पेरूची हातगाडी होती. धक्का फार नव्हता, पण पेरू रस्ताभर झाले. पेरूवाला ओरडला, "ओ मावशी, पायाकडं ध्यान हाय का नाय?" शशीचा चेहरा पार उतरला. "पायाचं काय नाय रं बाबा, क्लच आपोआप सुटला," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू ऐकलंस ना, माले? खाड्कन आवाज झाला." मी ऐकला नव्हता. मी तसं म्हणाले. दोघी वाकून पेरू गोळा करत असताना ती माझ्याकडे न बघता बोलली, "तुझे कान एकदा दाखवून घे. एवढा आवाज झाला अन् तुला आला नाय…"

ज्या कानांच्या जोरावर मी पोट भरलं, त्यांच्याबद्दल तिने हे म्हणावं! मी गेले डॉक्टरकडे. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानात निरनिराळ्या शिट्ट्या वाजवल्या आणि म्हणाले, या वयात इतके चांगले कान कमी बघायला मिळतात. मी धावतपळत येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्या खोलीत शिट्ट्या वाजत्यात. क्लच वाजतो का तिथं?" आणि मी, शहाणी, डॉक्टरवर नाही, तिच्यावर विश्वास ठेवला. तिचे हात कधी खोटं बोलले नव्हते. चालवताना ती माझ्या उजव्या बाजूला असायची, आणि तिकडचंच मला ऐकू येत नव्हतं, तेव्हा उजवा कान गेला असा हिशेब मी मनाशी मांडला. फोन डाव्या कानाला धरू लागले. दुकानदाराला दोनदा विचारू लागले. टीव्हीचा आवाज मोठा झाला. गल्लीतल्या मुली माझ्याशी ओरडून बोलायला लागल्या आणि मी ते मुकाट्याने चालवून घेतलं.

मी चालवू का, असं मी कितीदा तरी विचारलं. "बिघडल्या गाडीवर कच्चा हात नको," हे तिचं ठरलेलं उत्तर. आधी खुलताबाद बंद झालं, मग गावाबाहेर जाणंच बंद झालं, मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत. आणि एक दिवस ती करमाडला निघाली. भाच्याने घर बांधायला काढलंय, कुणीतरी देखरेखीला हवं, म्हणाली. बेगमवर ताडपत्री टाकली आणि किल्ली स्वतःबरोबर घेऊन गेली. "तू एकटी काढशील अन् कुठं तरी अडकून बसशील." करमाड काय लांब आहे का? किल्ली पाठव, मी येते म्हटलं की ती म्हणायची, "बेगम शेंद्र्यापर्यंत बी पोचायची नाय. अन् बसनं येऊ नको, इथं समदी सिमेंटची धूळ, बसवू कुठं तुला?" मग आमचं फोनवरच चालायचं. हळूहळू तिचे शब्द ओढल्यासारखे येऊ लागले. वाक्याची शेपटं घरंगळायची. "सर्दी झालीय," ती म्हणायची. मी फोन या कानाचा त्या कानाला लावायचे. झोपताना कानात कोमट तेल घालायचे. माझ्या मैत्रिणीची जीभ जड होत चालली होती, मला ते स्वच्छ ऐकू येत होतं, आणि मी माझे कान दुरुस्त करत बसले होते… हे मी तिला कसं माफ करू?

जलदान विधीला मी बसनेच करमाडला गेले. पांढऱ्या कपड्यातली माणसं, समोर तिचा फोटो, वंदना चाललेली. मी मात्र भिंतींकडे बघत होते. घर जुनंच होतं. नव्या बांधकामाची एक वीट कुठे नव्हती. ओसरीत एक चाकांची खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली होती, तेवढीच काय ती नवी वस्तू. जेवणं झाल्यावर संदीपने किल्ली आणून दिली. "आत्यानं सांगितलं व्हतं, मावशीच्याच हातात द्यायची. म्हणली, आता तिला बिनघोर चालवू दे." मी त्याला विचारलं, नादुरुस्त गाडी बिनघोर कशी चालवायची रे बाबा? तो म्हणाला, "मला गाडीतलं काय कळतंय, मावशी."

खरं तर मी ती गाडी काढून टाकायचं ठरवलं होतं. रशीदभाईंकडे न्यायची आणि कुणी भंगारात घेतं का ते बघायला सांगायचं. बॅटरी पार उतरली होती, ती भरून आणली. चोक ओढला. तिसऱ्या झटक्याला बेगम खोकत खोकत उठली. मी क्लचवर पाय ठेवला, जोर लावायच्या तयारीने, आणि तो अलगद खाली गेला. पहिला गिअर पडला. दुसरा गिअर पडला. मला वाटलं, थोडा वेळ बरी चालेल, मग दाखवेल रंग. जिन्सीकडे वळायच्या ऐवजी मी जालना रोडला लागले. चिकलठाणा मागे पडलं, रस्ता थोडा मोकळा झाला, तेव्हा मी क्षणभर स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. बेगम नाकासमोर सरळ चालत राहिली.

गाडी बाजूला घेऊन मी तिथेच बसून राहिले. क्लच डाव्या पायाखाली असतो. गिअर डाव्या हातात. डावा हात सैल पडला की गाडी उजव्या हाताच्या ओढीने उजवीकडे जाणारच. सगळी लक्षणं डावीकडची, आणि ऐकणारी मी तिच्या डाव्या बाजूलाच बसलेली! जो हात जात चालला होता तो माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्या हाताची पकड सुटू नये म्हणून ती साडीची पट्टी होती. आणि त्याच पायाच्या, त्याच हाताच्या भरवशावर ती मला भर रहदारीत हिंडवत होती. पेरूंच्या जागी एखादं पोर असतं तर? मी त्या बंद गाडीत तिच्या नावाने ओरडले. "नाचता येईना अंगण वाकडं!" हे तिचंच वाक्य तिला फेकून मारलं. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याने मान वळवून बघितलं. बघू दे, म्हटलं.

तिथून तडक रशीदभाईंकडे गेले. त्यांना म्हटलं, क्लचमध्ये काय होतं ते खरं सांगा. ते फडक्याला हात पुसत राहिले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. "कुछ नहीं था, बाई," ते शेवटी म्हणाले. "गाडी अच्छीच थी. मैं खाली धो के दो रोज रखता था." मी विचारलं, मग मला का सांगितलं नाही? मी इथेच या स्टुलावर बसून तुमचा चहा पीत होते. ते म्हणाले, "उनो कसम डाले थे. बोले, मालती को मालूम पडा तो मेरी गाडी बंद हो जाती. रोए थे, बाई, इधरीच खडे रह के." शशी रडली? तिची आई गेली तेव्हाही तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं नाही. माझ्या खांद्यावर ती कधी रडली नाही, आणि रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये, ग्रीसच्या डब्यांमध्ये उभी राहून रडली. खरं सांगते, आजाराची गोष्ट लपवली त्यापेक्षा हे मला जास्त लागलं. रशीदभाईंशी मी भांडले. कसम कसम म्हणता, उद्या आम्ही दोघी एखाद्या ट्रकखाली आलो असतो तर कसमेचं काय केलं असतंत? ते मान खाली घालून म्हणाले, "मैं भी हर इतवार को डरता था."

तिने असं का केलं हे मी शोधलेलं नाही असं नाही. मला कळलं असतं तर मी त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती, तिला डावीकडे बसवलं असतं आणि उशा लावून फिरवलं असतं. तिला ते नको होतं. मला तिची दया आली असती हे तिला सोसवलं नसतं. एवढं मला समजतं. आजार तिचा होता, तो सांगायचा की नाही तो हक्क तिचा. पण माझे कान माझे होते. तिला काहीतरी बिघडलेलं दाखवायचंच होतं, तर बेगम पुरे होती. ती मुकी बिचारी, तिने सगळे आळ घेतले असते. बेगमवर भागलं नाही तेव्हा तिने मला बिघडवलं. आमच्या रीतीत खोटं लक्षण सांगायला जागा नव्हती, आणि नेमकी तीच जागा तिने वापरली. लोक मला म्हणतात, आता ती गेली, सोडून द्या. सोडायला कुणीतरी समोर असावं लागतं. समोर बसून कडाकडा भांडता आलं असतं तर मी कधीच सोडून दिलं असतं.

गाडी भंगारात दिली नाही. रविवारी सकाळी मी ती बाहेर काढते. मागच्या रविवारी वळणावर मागच्या डाव्या चाकाकडून बारीक आवाज आला. कर्र… कर्र… सरळ रस्त्यावर नाही, फक्त उजवीकडे वळताना. मी रशीदभाईंना सांगितलं. त्यांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "कुछ नहीं बाई, वहम है." मी म्हटलं, उघडा. त्यांनी चाक उघडलं. आतलं बेअरिंग खराब व्हायला लागलेलं होतं, नुकतंच. ते बेअरिंग बोटावर फिरवत त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नवं आणायला गेले.

परत निघायच्या आधी मी फोन उजव्या कानाला लावून संदीपशी बोलले. मग गाडी सुरू करून गिअरवर हात ठेवला. ती पट्टी मी अजून काढलेली नाही. तिच्या बोटांच्या घामाने पांढरं कापड पिवळं पडलंय, आणि जिथे ती सगळा जोर लावायची तिथे ते झिजून पातळ झालंय. डावी सीट रिकामी असते. तिकडे बघून मी सवयीने लक्षण सांगते, रोग सांगत नाही. "मागचं डावं चाक बोलत होतं, मी ऐकलं," मी म्हणाले. "माझे कान शाबूत आहेत, शशी. तू नुसतं सांगायचं होतंस… मला ऐकू आलं असतं."